त्या सात पोरांनी माझी लेक नेली

*ताई, नमस्कार. मी कराडजवळच्या एका गावात राहते. आमचे हे कारखान्यात आहेत, मी घरी शिवणकाम करते. एकुलती एक मुलगी यंदा दहावीला. गेली दोन वर्षं तिला त्या कोरियन पोरांच्या बँडचं, बीटीएसचं, वेड लागलंय. वाटलं, वय आहे, जाईल. पण आता रात्री अंथरुणात पडून ती जप केल्यासारखं काहीतरी पुटपुटते, किम नामजुन, किम सोकजिन असलं काहीतरी. बाबांना मधूनच "आप्पा" म्हणायला लागलीय. गेल्या महिन्यात सायन्सच्या टेस्ट सिरीजचे म्हणून माझ्याकडून अठराशे रुपये नेले आणि त्यांचा अल्बम मागवला. पार्सल आलं ते नेमकं यांच्या हातात. यांनी भिंतीवरचं पोस्टर फाडलं आणि अल्बम, तिने जमवलेल्या कार्डांचा गठ्ठा, सगळं बंबात घातलं. पोरगी बघत उभी राहिली. रडलीसुद्धा नाही. त्याला आज तीन आठवडे झाले. जेवते, शाळेत जाते, पण आमच्याशी एक शब्द बोलत नाही. दुसऱ्या दिवशी बंबाची राख काढताना मला एक कार्ड अर्धवट जळालेलं सापडलं. ते मी तांदळाच्या डब्यात ठेवलंय. का ठेवलं, सांगता येत नाही. धाराशिवकडच्या त्या मुलींची बातमी आठवली की पोटात गोळा येतो. असं काय आहे हो त्या पोरांत? त्या सात पोरांनी माझी लेक नेली, असं वाटतं. – एक आई*

ताई,

आधी तुमच्या मनातली एक भीती काढून टाकते. ती रात्री पुटपुटते तो कसला जप नाही. बीटीएसचं गाणं सुरू होताना समोरचा सगळा जमाव सातही जणांची पूर्ण नावं ठरलेल्या क्रमाने एका सुरात पुकारतो: किम नामजुन, किम सोकजिन, मिन युन्गी, जंग होसोक, पार्क जिमिन, किम तेह्युंग, जॉन जंगकुक, आणि शेवटी बीटीएस. याला फॅनचँट म्हणतात. आपण गणपतीच्या आरतीत "जय देव जय देव" सगळे मिळून उचलतो ना, तसंच. एका कार्यक्रमाला जाणं तर दूरच, पण आपण गेलो तर आपला एक शब्दही चुकू नये म्हणून ही पोर पाठ करतेय.

आणि "आप्पा". कोरियन भाषेत आईला "ओम्मा" म्हणतात आणि बाबांना "आप्पा". हे ऐकून मला तर फार बरं वाटलं. आपल्याकडे सांगली-साताऱ्यात घरोघरी आप्पा आहेत. तुमच्या लेकीला दूरदेशीच्या भाषेत आपल्या घरातलाच शब्द सापडला आणि तो तिने आपल्या बापाला दिला. ज्यांना ती "आप्पा" म्हणत होती, त्यांनीच तिचं सगळं बंबात घातलं. ती का रडली नाही, ते यावरून जरा ध्यानात घ्या.

तुम्ही विचारलंत, असं काय आहे त्या पोरांत? हा प्रश्न तुम्ही तिला विचारला असतात तर तिने तुम्हाला रात्रभर जागवलं असतं. मी माझ्या परीने सांगते.

बांग शी-ह्योक नावाच्या संगीतकाराने २००५ मध्ये बिग हिट नावाची छोटी कंपनी काढली. तिकडच्या पॉप संगीतावर तेव्हा एसएम, वायजी आणि जेवायपी या तीन बड्या कंपन्यांचं राज्य. टीव्हीवर कोण दिसणार, हे बरंचसं त्यांच्या हातात. बिग हिटला कोण विचारतो? या कंपनीने जमवलेल्या पोरांपैकी दोघं बुसानचे, दोघं देगूचे, एक ग्वांगजूचा. म्हणजे राजधानीपासून लांबची पोरं, बोलीवरून ओळखू येणारी. त्यांनी आपापल्या गावच्या बोलीत रॅप करून एक गाणंही केलं. सातही जण एकाच खोलीत, एकावर एक पलंग टाकून राहायचे. युन्गी शिकाऊ असताना चार पैसे मिळावेत म्हणून डिलिव्हरीचं काम करायचा. त्यात मोटारसायकलवर अपघात झाला आणि खांदा दुखावला तो कायमचाच. कंपनीने काढून टाकू नये म्हणून त्याने ते लपवलं. शेवटी २०२० मध्ये त्या खांद्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

जून २०१३ मध्ये त्यांचं पहिलं गाणं आलं. जंगकुक तेव्हा पंधरा वर्षांचा होता. तुमच्या लेकीएवढा. आणि गाणं कशावर? तुझं स्वतःचं स्वप्न काय आहे, की दुसऱ्यांनी ठरवून दिलेलंच तू जगतोयस, यावर. सुरुवातीच्या त्या गाण्यांत शाळा आहे, मार्क आहेत, मुलांना घोड्यासारखं पळवणारे आईबाप आहेत. कोरियात शाळा सुटली की मुलं रात्री उशिरापर्यंत खासगी क्लासला बसतात. कॉलेज प्रवेशाची परीक्षा नोव्हेंबरात एकाच दिवशी असते, आणि इंग्रजीचा ऐकण्याचा भाग सुरू असताना देशातली विमानांची ये-जा थांबवतात, इतकी तिची धास्ती. दहावीच्या वर्षात, टेस्ट सिरीज आणि सराव परीक्षांच्या रगाड्यात असलेल्या पोरीला ही गाणी आपली वाटली तर त्यात नवल काय, ताई? "अभ्यास झाला का?" याखेरीज तिला दुसरं काहीतरी विचारणारं ते पहिलं माणूस असेल.

आणि ती पोरं लगेच मोठी झाली नाहीत. २०१४ मध्ये लॉस एंजेलिसच्या रस्त्यावर उभं राहून ती स्वतःच्या फुकट कार्यक्रमाची पत्रकं वाटत होती. जागा होती दोनेकशे माणसांची. टीव्हीवरच्या गाण्यांच्या कार्यक्रमात पहिला नंबर मिळाला तो ५ मे २०१५ ला, म्हणजे पहिल्या गाण्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. २०१९ च्या जूनमध्ये मात्र लंडनचं वेम्बली स्टेडियम त्यांनी लागोपाठ दोन दिवस भरवलं.

पत्रकं वाटण्यापासून वेम्बलीपर्यंत ती पोरं पोचली कशी, तिथेच तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. त्यांना तिथवर तुमच्या लेकीसारख्या पोरींनी नेलं.

टीव्हीवर जागा मिळेना, तेव्हा ही मुलं सरावाचे, जेवणाचे, भांडणाचे व्हिडिओ स्वतःच इंटरनेटवर टाकत राहिली. सगळं कोरियन भाषेत. जगभरच्या मुलींनी रात्र-रात्र जागून त्याची भाषांतरं केली, ओळीखाली ओळ बसवली, फुकट, कुणी न सांगता. अमेरिकेतल्या मुलींनी राज्यवार गट केले आणि आपापल्या भागातल्या रेडिओवाल्यांना गाणं लावण्यासाठी फोन केले, पत्रं लिहिली. मे २०१७ मध्ये बिलबोर्डचा, म्हणजे अमेरिकेत गाण्यांच्या क्रमवारीच्या याद्या काढणाऱ्या संस्थेचा, एक पुरस्कार त्यांना मिळाला, जो सलग सहा वर्षं गायक जस्टिन बीबरकडे होता. तो चाहत्यांच्या मतांवर ठरत होता. पुढच्या वर्षी त्यांचा अल्बम अमेरिकेच्या यादीत पहिला आला, कोणत्याही कोरियन कलाकाराचा पहिलाच. २०२० मध्ये "डायनामाइट" हे गाणंही पहिलं आलं. त्याच वर्षी जूनमध्ये बँडने आणि कंपनीने अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चळवळीला दहा लाख डॉलर दिले, तर या पोरींनी आपसात वर्गणी काढून साधारण एका दिवसात तेवढेच आणखी उभे केले.

मी हे जवळून बघितलंय. माझी भाची पुण्यात बारावीला होती. नवीन गाणं येणार, याला त्या "कमबॅक" म्हणतात, त्या दिवशी मी तिच्याकडे होते. कोरियात दुपारचा एक म्हणजे आपले सकाळचे साडेनऊ. साडेआठपासून ही वही उघडून बसलेली. वहीत रकाने आखलेले: नाव, गाव, गाणं सतत वाजतं ठेवायला कोणत्या वेळेला कोण जागं राहणार. नागपूरची एक, बेळगावची एक, पणजीची एक, अशा चाळीसेक जणी. कुणाची परीक्षा असेल तर तिच्या नावापुढे खूण आणि तिला सुट्टी. एका मुलीच्या घरी कुणी आजारी होतं, तर तिची पाळी दोघींनी वाटून घेतलेली. मी गावच्या पतसंस्थेचा कारभार पाहिलाय, बचतगटाचे हिशेब तपासलेत. इतकी चोख वही मी क्वचित बघितली. आणि घरचे म्हणत होते, पोरगी वाया गेली.

तुमच्या लेकीची अशी एखादी वही असेल, ताई. शोधू नका. ती आपण होऊन दाखवील असं करा.

आपल्या पणज्या बालगंधर्वांचं नाटक बघून साडी नेसायच्या, केसांत तशी फुलं माळायच्या. तेव्हाही घरोघरी कटकट झाली असेलच. बाईमाणसाचं, त्यातही कोवळ्या पोरीचं प्रेम एखाद्या कलाकारावर बसलं की त्याला "वेड" म्हणायची आपल्याला सवय आहे. तुमचे यजमान क्रिकेटची मॅच बघताना आख्खी टीम पाठ म्हणून दाखवत असतील, तर त्याला घरात कुणी जप म्हणत नाही.

आता दुसरी बाजू. तीही तितक्याच जीव तोडून सांगते, कारण या प्रेमावर फार मोठा धंदा उभा आहे. ती छोटी कंपनी ऑक्टोबर २०२० मध्ये कोरियाच्या शेअर बाजारात आली, आज हाइब नावाने जगभर पसरली आहे आणि २०२५ मध्ये तिने मुंबईतही बस्तान मांडलंय. अल्बम म्हणजे आता नुसती सीडी राहिली नाही. आत फोटोकार्ड असतं, आणि कुणाचं निघेल ते पाकीट फोडेपर्यंत कळत नाही. आपल्या लहानपणी बबलगमच्या पुडीत क्रिकेटपटूंची कार्डं यायची, हव्या त्या खेळाडूसाठी आपण गम खाऊन जबडे दुखवून घ्यायचो, तीच युक्ती. फक्त तेव्हा पुडी पैशांत होती, हे हजारांत आहे.

दहावीच्या गणितात संभाव्यतेचा धडा आहे. तिच्यासोबत कागद घेऊन बसा आणि तिलाच हे गणित घाला: प्रत्येक अल्बममध्ये एकच कार्ड आहे आणि सातही जणांची शक्यता सारखी धरली, तर सातही कार्डं हाती यायला सरासरी किती अल्बम घ्यावे लागतील? पहिलं कार्ड नवीनच असतं. दुसरं नवीन निघण्याची शक्यता सातात सहा, मग सातात पाच, असं करत शेवटच्या कार्डाला सातात एक. शक्यता सातात सहा असेल तर सरासरी सात भागिले सहा अल्बम लागतात, सातात पाच असेल तर सात भागिले पाच; अशी सगळ्यांची बेरीज केली की उत्तर अठराच्या आसपास येतं. अठरा गुणिले अठराशे, बत्तीस हजार चारशे रुपये. तुमच्या शिलाईचे किती ब्लाउज होतात ते, हेही तिलाच काढू दे. हे तिला तुमच्या तोंडून टोमणा म्हणून ऐकू आलं तर ती कान बंद करील. स्वतःच्या पेन्सिलीने काढलं तर तिला कळेल की तिचं प्रेम खरं आहे आणि त्या प्रेमाची किंमत मात्र दुसऱ्या कुणीतरी ठरवलीय.

तसंच ऑडिशनचं. "कोरियन बँडमध्ये निवड करतो, इतके पैसे भरा" असं कुणी फोनवर सांगितलं, तर पैसे भरायचे नाहीत आणि फोटो पाठवायचे नाहीत, हे तिला आजच सांगून ठेवा. या मोठ्या कंपन्या ऑडिशनला पैसे घेत नाहीत.

अठराशे रुपयांचं काय? ती खोटं बोलली आणि तुमच्या कष्टाचे पैसे तिने नेले. हे चुकलंच, आणि ते चुकलं असंच तिला सांगायचं. भाऊबीजेची ओवाळणी, वाढदिवसाचे आलेले पैसे, यातून तिने ते हप्त्याने फेडावेत. वहीत लिहून ठेवा, कितीही वेळ लागू दे. पण ही गोष्ट बंबाच्या गोष्टीत मिसळू नका. तिची चूक अठराशे रुपयांची होती. जळालं ते दोन वर्षांत तिने एकेक करून जमवलेलं. काही मैत्रिणींशी अदलाबदल केलेलं असेल, काही कुणी वाढदिवसाला दिलेलं. यजमानांना हे तुम्हालाच सांगावं लागेल. बापाने मुलीची माफी मागायची पद्धत आपल्याकडे नाही, मला ठाऊक आहे. तरी त्यांनी तिच्यासमोर बसून "पैशाचा राग होता, पण तुझ्या वस्तू जाळायला नको होत्या" एवढं एक वाक्य बोलावं. त्यापुढे "पण तूसुद्धा" असं काही जोडू नये. तिने उत्तर दिलं नाही तर उठून जावं. आणि पुन्हा कधी तिच्या तोंडून "आप्पा" आलं, तर ओ द्यावी.

धाराशिवच्या बातमीने तुम्ही घाबरलात, तशी मीही घाबरले होते. डिसेंबर २०२४ मधली ती गोष्ट. अकरा ते तेरा वर्षांच्या तीन मुली, पुण्यात जाऊन काम करायचं, पैसे जमवायचे आणि बीटीएसला भेटायला कोरियाला जायचं म्हणून एसटीत बसल्या, आणि आपलं अपहरण झाल्याचा बनावही केला. पोलिसांनी त्यांना सोलापूर जिल्ह्यात मोहोळला गाठलं, सुखरूप. ती बातमी वाचून माझ्या मनात एकच आलं: कोरियाला कसं जातात, हे पोरींना विचारता येईल असं मोठं माणूस प्रत्येक घरात हवं. तुमच्या घरी ते माणूस तुम्ही व्हा. तिला स्वतःहून सांगा की पासपोर्ट लागतो, व्हिसा लागतो, अठराच्या आत असेल तर आईबापांच्या सह्या लागतात, तिकिटाला अमुक पैसे पडतात. स्वप्नाला आकडे जोडले की ते एसटीच्या खिडकीतून उडी मारत नाही, वाट बघायला तयार होतं. वाट बघणं तर तिला येतंच. ती सातही पोरं डिसेंबर २०२२ पासून एकेक करून सक्तीच्या लष्करी सेवेत गेली आणि जून २०२५ मध्ये शेवटचा परत आला. तेवढी वर्षं या पोरी तारखा मोजत थांबल्या होत्या.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की तिला कोरियन शिकवा, पुण्याकडे रांजणगावला एलजी आहे, तळेगावला ह्युंदाई आलीय, दुभाषांना कामं मिळतात. खरं आहे ते. कोरियन भाषेची टोपिक नावाची परीक्षा असते, तिच्या सहा पायऱ्या आहेत, आणि त्यांची लिपी अवघ्या चोवीस मूळ अक्षरांची आहे, बाराखडीपेक्षा सोपी. पण हे घाईने करू नका. दहावी होऊ द्या, आणि तेव्हाही ती म्हणाली तरच. आत्ता कुठे तिला एक गोष्ट अशी मिळालीय जिच्यात मार्क नाहीत. तिचाही लगेच क्लास लावला तर ती पोर जाणार कुठे?

आणखी एक गोष्ट तिला माहीत असेल, तुम्हीही ऐकून ठेवा. २०१८ च्या सुरुवातीला, कीर्तीच्या ऐन शिखरावर, या सातजणांनी बँड मोडायचा विचार केला होता. तसं सोकजिनने त्याच वर्षी डिसेंबरात पुरस्कार घेताना स्टेजवर रडत रडत सांगितलं. मोडला नाही, कारण ती एकमेकांशी बोलली. तिला विचारा त्या दिवसाबद्दल. त्यावर ती बोलेल असं मला वाटतं, कारण तुमच्या घरातही आत्ता तेच चाललंय.

सुरुवात त्या कार्डापासून करा. आज संध्याकाळी स्वयंपाक झाला की तांदळाच्या डब्यातून ते काढा, पुसून तिच्या हातात द्या. बाकी काही बोलू नका. अर्धं जळालंय, त्यामुळे कोण आहे ते तुम्हाला ओळखू येणार नाही. तिला येईल. तिलाच विचारा हा सातांतला कितवा, आणि तिने नाव सांगितलं की तुम्ही म्हणून बघा. चुकणारच तुम्ही. ती दुरुस्त करील. पुन्हा म्हणा.